अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत म्हणून : मूर्ख पात्रावर हसताना मध्येच गलबलून का येतं?

सोलापुरात साखर पेठेतल्या एका खोलीत दर रविवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण जमून नाटकं वाचतो. कुणी शिक्षक, कुणी कॉलेजातली पोरं, एक-दोघं गिरणीतून निवृत्त झालेले. गेल्या महिन्यात शेक्सपिअरचं ‘ट्वेल्फ्थ नाइट’ घेतलं होतं. मी घरून मराठी करून आणायचो आणि भूमिका वाटून द्यायचो. माल्व्होलिओ नावाच्या कारभाऱ्याची फजिती होते तिथपर्यंत खोलीत नुसता हशा होता. मग त्याला वेडा ठरवून अंधाऱ्या खोलीत कोंडतात, तो प्रवेश आला. माल्व्होलिओ वाचत होते आमचे अण्णा. त्यांचं आयुष्य गिरणीत गेलं, जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणून बाहेर पडले. ‘मला एक मेणबत्ती द्या, लेखणी द्या, शाई द्या, कागद द्या’ एवढं वाचलं आणि त्यांनी हातातले कागद मांडीवर ठेवले.

“मास्तर, हसू येईना की हो मला इथं. मघापासून मीच सगळ्यात जास्त हसलो. आता काय झालं?”

कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, “सर, रील बघताना पण असंच होतंय.” तिनं मोबाइल पुढं केला. हॉटेलातला एक वाढपी गिऱ्हाइकाशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलतोय आणि समोरचा मुद्दाम अवघड शब्द टाकून त्याला आणखी गोत्यात आणतोय. खाली निम्मी माणसं हसून लोळतायत, निम्मी ‘बिचारा’ म्हणतायत. “सगळे बघतायत तर एकच गोष्ट. मग असं का?”

त्या संध्याकाळी अडखळत जे सांगितलं ते इथं नीट लिहितो.

हसू आणि ‘बिचारा’ यांच्यामधली रेघ

ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल यानं प्रहसनाबद्दल थोडक्यात दोन गोष्टी सांगून ठेवल्यात. एक, त्यात आपल्यापेक्षा उणी माणसं दाखवतात. दोन, त्यांचं उणेपण असं असावं लागतं की त्यातून कुणाला वेदना किंवा इजा होत नाही. वेदना दिसली की विनोद संपला. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसन यानं १९०० साली हेच वेगळ्या तऱ्हेनं मांडलं. हसण्यासाठी काळीज क्षणभर बधिर व्हावं लागतं, असं त्याचं म्हणणं. दाढ काढण्याआधी डॉक्टर हिरडीत सुई देतात ना, तसं. त्या बधिरपणात दाढ ओढली तरी कळत नाही. औषध उतरलं की मात्र ठणका लागतो.

अण्णांच्या बाबतीत तेच झालं. औषध उतरलं. प्रश्न एवढाच, की ते कुणासाठी लवकर उतरतं आणि कुणासाठी उतरतच नाही?

इथं ‘वर्ग’ हा शब्द लागतो. वर्ग म्हणजे पैसा, जन्म आणि हुद्दा मिळून माणसाला समाजात जी पायरी मिळते ती. आपल्याकडे त्यात जातही ताण्या-बाण्यासारखी विणलेली असते, म्हणून तो धागा वेगळा काढणं अवघड जातं. पण युरोपातल्या जुन्या नाटकांत तो सुटा दिसतो, आणि म्हणूनच ती नाटकं आपल्याला उपयोगी पडतात.

हसण्याला पायरी असते हे आपल्या पूर्वजांनी तर उघडच लिहिलंय. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत आणि ते माणसांच्या प्रतीप्रमाणे वाटून दिलेत. स्मित आणि हसित उत्तम माणसांचं, विहसित आणि उपहसित मधल्यांचं, अपहसित आणि अतिहसित खालच्यांचं. दात न दाखवता गालात हसायचं ते वरच्यांनी, डोळ्यांत पाणी येईतो हसायचं ते खालच्यांनी. शिवाय हा रस स्त्रियांत आणि ‘नीच’ पात्रांत जास्त दिसतो, असंही भरत म्हणतो. कुणी कसं हसावं आणि कुणाला बघून हसावं, दोन्ही आधीच ठरलेलं.

एकच स्वप्न, चार माणसं

आता कारभाऱ्याकडे येऊ. ऑलिव्हिया ही श्रीमंत, उच्च कुळातली बाई. माल्व्होलिओ तिच्या वाड्याचा कारभार बघतो. शिस्तीचा, कडक, स्वतःवर खूश असलेला माणूस. बाईची दासी मारिया तिच्या अक्षरासारखं अक्षर काढून एक निनावी प्रेमपत्र लिहिते आणि त्याला सापडेल असं टाकून ठेवते. मालकीण आपल्यावर भाळलीय, असा त्याचा पक्का समज होतो. पत्रात लिहिल्याप्रमाणे पिवळे मोजे घालून, त्यावर आडव्यातिडव्या पट्ट्या बांधून, सारखा हसत तो तिच्यापुढे जातो. तिला वाटतं, याचं डोकं फिरलं. मग बाईचा दारुडा नातलग सर टोबी आणि त्याची मंडळी त्याला अंधारात कोंडतात.

आवाक्याबाहेरचं लग्न करायचं, हे स्वप्न नाटकात आणखी कुणाकुणाला पडतं ते बघा. सर अँड्र्यू हा सरदार माल्व्होलिओपेक्षा कितीतरी बावळट आहे. त्यालाही ऑलिव्हियाच हवी. टोबी त्याला गोड बोलून दोन हजारांच्या घरात लुबाडतो आणि शेवटी झिडकारतो, पण त्याला कोंडायचं कुणाच्या मनात येत नाही. ड्यूक ऑर्सिनोला ऑलिव्हिया पुन्हा पुन्हा नकार देते, तरी ती आपलीच होणार असं तो धरून चालतो. त्याला वेडा कुणी म्हणत नाही, त्याला विरही म्हणतात. आणि मारिया? ती तर दासी. नाटक संपता संपता तिचं सर टोबीशी लग्न होतं. माल्व्होलिओनं जे नुसतं मनात आणलं ते ती करून दाखवते, आणि वर त्या खोडीबद्दल बक्षीस मिळाल्यासारखं ते तिच्या पदरात पडतं.

मूर्खपणा चौघांचा थोड्याफार फरकानं सारखाच. दंड मात्र पायरी बघून ठरला. माझ्या मते अण्णांचं हसू नेमकं तिथंच आटलं. चूक केवढी आणि शिक्षा केवढी यांचा मेळ बसेना, आणि तो का बसत नाही हे त्यांच्या अंगाला आधी कळलं.

मखमलीचा कायदा

या नाटकातली एक बारीक गोष्ट सोलापूरकरांनी तरी सोडू नये. पत्र सापडायच्या आधीच माल्व्होलिओ बागेत एकटा स्वप्न बघतो. त्या स्वप्नात तो ऑलिव्हियाला निजलेली सोडून उठलाय, नोकरांना समोर बोलावलंय, आणि अंगात आहे वेलबुट्टीचा मखमली झगा. प्रेमाचं स्वप्न, पण त्यातली सगळ्यात ठसठशीत वस्तू म्हणजे कापड.

त्या काळच्या इंग्लंडात कुणी कुठलं कापड वापरावं याचे कायदे होते. एलिझाबेथ राणीच्या सरकारनं १५७४ सालच्या फर्मानात रेशीम, मखमल, जर, रंग यांची हुद्द्याप्रमाणे आणि उत्पन्नाप्रमाणे वाटणी करून दिली होती. अंगावरच्या कपड्यावरून माणसाची पायरी ओळखू यावी, हा हेतू. म्हणजे कारभाऱ्यानं मखमलीचं स्वप्न बघणं ही नुसती हौस नव्हती, ती रेघ ओलांडणं होतं. आपण पोरांना सांगतो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. ही म्हण मी या चादरींच्या गावात लहानपणापासून ऐकत आलोय. पण अंथरूण कुणी मापलं, असं त्यात कुणी विचारत नाही.

“पण तो होताच तसा!”

वाचनात हा आक्षेप आलाच. एक शिक्षक म्हणाले, माल्व्होलिओ गर्विष्ठ आहे, दुसऱ्यांच्या आनंदावर विरजण घालतो, त्याला अद्दल घडली ते बरं झालं.

गर्विष्ठ आहेच तो. खुद्द ऑलिव्हिया त्याला तोंडावर सांगते की तुला आत्मप्रेमाचा आजार झालाय. मी त्याला साधुसंत ठरवायला बसलो नाही. पण भांडण कशावरून पेटलं ते बघायला हवं. मध्यरात्री टोबी आणि मंडळी दारू पिऊन आरडाओरडा करतायत. त्यांना गप्प करायला माल्व्होलिओ येतो, आणि सांगतो की मला बाईंनी पाठवलंय. म्हणजे तो त्याचं काम करतोय. त्यावर टोबी काय म्हणतो? ‘तू कारभाऱ्यापेक्षा जास्त कोण लागून गेलास?’ मुद्द्याचं उत्तर नाही, थेट पायरी दाखवली. रात्री सोसायटीत गाणी वाजवणाऱ्या मालकाच्या पोराला वॉचमननं हटकलं तर जे ऐकून घ्यावं लागतं, तेच हे.

आणि पुढे टोबीला हा खेळ आवरता घ्यावासा वाटतो तो माल्व्होलिओची दया आली म्हणून नव्हे. ऑलिव्हिया आधीच आपल्यावर चिडलीय, आता हे फार ताणलं तर आपल्याला महागात पडेल, हे तो स्वतः बोलून दाखवतो. ‘थोराघरचे श्वान, त्याला देती सर्व मान’ म्हणतात ते काही उगाच नाही.

“तेव्हाच्या लोकांना कुठे वाईट वाटलं?”

हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. १६०२ च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये वकिलीच्या विद्यार्थ्यांपुढे हे नाटक झालं. जॉन मॅनिंगहॅम नावाच्या विद्यार्थ्यानं आपल्या रोजनिशीत त्याची नोंद ठेवली. कारभाऱ्याला खोट्या पत्रानं फसवण्याची युक्ती त्याला झकास वाटली. कीव आल्याचा शब्द नाही. पुढे पहिल्या चार्ल्स राजानं आपल्या प्रतीत नाटकाच्या नावाजवळ स्वतःच्या हातानं ‘माल्व्होलिओ’ असं लिहिलं होतं. म्हणजे लोकांच्या लक्षात राहिला तो हाच.

काळ पुढे सरकला तसं बघणं बदललं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला निबंधकार चार्ल्स लॅम्ब यानं बेन्स्ली नावाच्या नटाच्या आठवणी लिहिल्या. त्याचा माल्व्होलिओ रुबाबदार होता, आणि त्याची अखेर बघताना आपल्याला शोकांतिकेसारखं वाटायचं, असं लॅम्ब म्हणतो. पुढे १८८४ मध्ये हेन्री अर्व्हिंगनं ही भूमिका केली तीही शोकाकडे झुकलेली. मधल्या काळात प्रेक्षागृहात कोण बसत होतं तेही बदललं होतं. दुसऱ्याच्या घरचा, पेढीचा, कचेरीचा कारभार बघणारी माणसं आता तिकीट काढून येत होती.

तरीही मला वाटतं, ही कळवळ शेक्सपिअरच्या शब्दांतच ठेवलेली आहे, नंतरच्यांनी ती उसनी आणली नाही. ऑलिव्हियाला तो वेडा झालाय असं वाटतं तेव्हा ती म्हणते, माझा निम्मा हुंडा गेला तरी चालेल पण त्याचं वाईट व्हायला नको. शेवटी तीच कबूल करते की याचा फार छळ झाला. आणि माल्व्होलिओ ‘तुम्हा सगळ्यांचा सूड घेईन’ म्हणून निघून जातो. लग्नांच्या गोष्टी चाललेल्या असताना एक माणूस मांडवातून उठून जातो. लेखकाला नुसता हशाच हवा असता तर त्यानं त्याला हसत हसत पंगतीला बसवलं असतं.

कापडवाल्याचा मुलगा

फ्रेंच नाटककार मोल्येर याच्या नाटकात गणित जरा वेगळं आहे. १६७० साली चौदाव्या लुई राजापुढे त्यानं एक प्रहसन सादर केलं. नायक श्रीयुत जूर्दँ. गडगंज पैसा, पण बाप कापडाचा व्यापारी. याला खानदानी व्हायचंय. म्हणून घरी नृत्याचा, संगीताचा, तलवारीचा, तत्त्वज्ञानाचा असे मास्तर लावलेत. आपण चाळीसहून जास्त वर्षं ‘गद्य’ बोलत आलो हे कळल्यावर त्याला कोण आनंद होतो! शिंप्याच्या पोरांनी ‘सरकार’ म्हटलं की बक्षिसी, ‘महाराज’ म्हटलं की आणखी बक्षिसी.

एकजण वेष पालटून येतो आणि त्याला सांगतो, तुमचे वडील व्यापारी कुठले, छे! त्यांना कापडातलं कळायचं, स्वभाव परोपकारी होता, म्हणून ठिकठिकाणची कापडं निवडून आणायचे आणि मित्रांना द्यायचे. पैसे घेऊन. हे वाक्य वाचलं तेव्हा आमच्या खोलीत असा हशा उठला की बाहेरून कुणीतरी डोकावून गेलं. चाटी गल्लीतल्या कापडदुकानांसमोरून रोज जाणाऱ्या माणसांना त्यातली गंमत सांगावी लागत नाही.

इथं आपण मोकळेपणानं हसतो, कारण जूर्दँचं नुकसान होतं ते पैशाचं. घर शाबूत, पोटाला कमी नाही, अंधारकोठडी नाही. तो शेवटपर्यंत आपल्या भ्रमात सुखी आहे. आणि त्याला लुटतो कोण? खरा खानदानी उमराव. उसने घेतलेले पैसे १५,८०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) होतात आणि वर आणखी मागतो. मूर्ख कापडवाला आणि लबाड सरदार यांत मोल्येर हलकट कुणाला ठरवतो हे स्पष्ट दिसतं. तो स्वतः राजवाड्याच्या पडद्या-गाद्यांचं काम बघणाऱ्याचा मुलगा होता आणि जूर्दँची भूमिका त्यानं स्वतःच केली.

माझा जीव मात्र जूर्दँच्या बायकोत अडकतो. आपल्या दोघांचेही बाप व्यापारीच, हे ती त्याला तोंडावर सुनावते. आणि तिला हवा असा जावई, ज्याला म्हणता येईल, ‘बसा जावईबापू, दोन घास खा माझ्याबरोबर.’

मूर्ख वरच्या पायरीवर असेल तर?

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकात शकार आहे, राजाचा मेहुणा. ‘स’चा ‘श’ करतो, ‘र’चा ‘ल’ करतो, आणि पुराणकथांची खिचडी. नायिका वसंतसेनेला म्हणतो, रावणाच्या हाती कुंती सापडली तशी तू माझ्या हाती सापडलीस. प्रेक्षक खो खो हसतात. पण हाच मूर्ख पुढे तिचा गळा दाबतो आणि आळ तिच्या प्रियकरावर, चारुदत्तावर घालतो. राजाचा नातलग असल्यानं ते जवळजवळ पचतंही. इथं काळीज बधिर राहत नाही, पण जागं होतं ते भीतीनं.

त्याच प्रवेशात त्याचा गुलाम स्थावरक आहे. शकार त्याला वसंतसेनेला मारायला सांगतो. तो नकार देतो. माझ्या शरीरावर तुमची सत्ता, चारित्र्यावर नाही, असं तो म्हणतो. अडाणी भाषा दोघांच्या तोंडी. पण एकाचा अडाणीपणा जिवावर उठणारा, दुसऱ्याच्या तोंडून नाटकातलं सगळ्यात ताठ वाक्य. तेव्हा वर्ग बघायचा म्हणजे गरीब तेवढा भला असं ठरवून टाकायचं नाही. कुणाच्या मूर्खपणाची किंमत कोण मोजतं, ते बघायचं.

“मग हसायचंच नाही का?”

हसायचं की! मी या सगळ्या नाटकांवर पोट धरून हसलोय. हसू वर्गाची रेघ पुसतंही. आपल्या तमाशातला सोंगाड्या घ्या. वगात राजा मोठा, पण हशा सोंगाड्याच्या हातात. तो भोळेपणाचं सोंग घेऊन राजाला चार गोष्टी ऐकवतो आणि समोर बसलेले कष्टकरी त्याच्या बाजूनं हसतात. त्याला कीव नको असते, त्याला टाळी हवी असते.

रीलमधल्या वाढप्याचं तसं नाही. तो सोंग घेत नाहीय. इंग्रजी बोलणं ही त्याची मखमल आहे. समोरच्यानं मोबाइल आधीच चालू करून ठेवलाय, जसं मारियानं पत्र आधीच लिहून ठेवलं होतं. आणि वाढप्याला तिथून उठून जाता येत नाही, टेबलं त्यालाच पुसायचीत. ज्यांना हे दिसतं ते ‘बिचारा’ लिहितात. तरी मला तो शब्दही पुरा पटत नाही. कीव वरून खाली येते. दया करणाराही जिन्यावर वरच उभा असतो. पुण्या-मुंबईत आमचं ‘काय बे’ ऐकून कुणी हसलं तर राग येतो, पण ‘किती गोड बोलता हो तुम्ही’ म्हटलं तरी पोरं कसनुशी होतात, हे मी वर्गात पाहिलंय.

कांडी नावाचा विणकर

पुढच्या रविवारी मग शेक्सपिअरचं ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ घेतलं, मुद्दाम. त्यात सुतार, शिंपी, भांडी दुरुस्त करणारा असे कारागीर ड्यूकच्या लग्नात नाटक करतात, आणि त्यांच्यात एक विणकर आहे, बॉटम. जुन्या इंग्रजीत ज्याच्यावर सूत गुंडाळतात त्या गाभ्याला ‘बॉटम’ म्हणत. म्हणजे आपली कांडी. आमच्या घरी आक्का कांड्या भरायची. एका हातानं चरख्याचं चाक, दुसऱ्या हाताच्या चिमटीत धागा, आणि त्या चिमटीत कायमची पडलेली बारीक चीर. भरलेली कांडी धोट्यात बसते, धोटा ताण्यातून पळतो, कांडी संपली की माग थांबतो. हे सांगितल्यावर खोलीत कुणी त्याला बॉटम म्हणेना, सगळे कांडीच म्हणायला लागले.

या मंडळींची तालीम विनोदी आहेच. सिंहाचं काम करणाऱ्यानं जोरात डरकाळी फोडली आणि बायका घाबरल्या, तर आपल्या सगळ्यांना फासावर चढवतील, अशी त्यांना धास्ती. इंग्रजी रंगभूमीवर इथं हमखास हशा येतो. आमच्या खोलीत थोडं हसू आलं आणि विरलं. ज्या गावच्या चार माणसांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली आणि ज्या गावची नाटकं हुतात्मा स्मृतिमंदिरात होतात, तिथं ते वाक्य जरा वेगळं ऐकू येतं.

पुढे जादूनं कांडीच्या धडावर गाढवाचं मुंडकं येतं, आणि जादूनंच पऱ्यांची राणी त्याच्यावर भाळते. ती चार चिमुकले सेवक त्याच्या दिमतीला देते. वाचत होते अण्णाच. राणी एवढी जवळ असताना हा विणकर सेवकांकडे वळतो आणि एकेकाला अदबीनं नाव विचारतो. एकजण सांगतो, कोळिष्टक. विणकर म्हणतो, तुमची ओळख वाढवायला आवडेल, माझं बोट कापलं तर तुमच्याकडेच येईन. वाहत्या रक्तावर कोळिष्टक लावत, त्यावरून. मग दुसऱ्याला, ‘आपलं नाव?’ मग तिसऱ्याला, ‘आपलं?’

अण्णांनी चष्मा काढला. “गिरणीत तीस वर्षं मला बिल्ल्याच्या नंबरानं हाक मारली, मास्तर,” ते म्हणाले. मग चष्मा पुसून परत लावला आणि म्हणाले, “हे पान मी पुन्हा वाचतो. पहिल्यापासून.”